आईच्या पंचाहत्तरीची चिकटवही: कागदावर की संगणकावर? (मदत हवी आहे)

डकवबाई | ९ जून, २२:४०

मंडळी, श्रावणात आईला ७५ पूर्ण होतील. आम्ही भावंडांनी तिच्यासाठी चिकटवही करायचं ठरवलंय. म्हणजे ठरवलं तिघांनी, करायची मी.

ऐवज असा आहे: चिकट पानांचे तीन अल्बम (वरचं प्लास्टिक उचलून फोटो ठेवायचे, नव्वदच्या आसपास घरोघरी असायचे ते), आजोबांचा काळ्या पानांचा एक अल्बम, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुटे फोटो, निगेटिव्हच्या पट्ट्या, आईबाबांची लग्नपत्रिका, आईच्या शाळेतल्या निरोप समारंभाचं वर्तमानपत्रातलं कात्रण, एसटीची तिकिटं आणि तिने कधीतरी वहीत दाबून ठेवलेलं पिंपळाचं जाळीचं पान.

न्यू जर्सीतला भाऊ म्हणतो सगळं स्कॅन कर आणि छापील फोटोबुक कर. बहीण म्हणते हाताने केलेलंच आईला आवडेल. मी याआधी केलेली एकमेव चिकटवही सातवीत विज्ञानाची होती, त्यात बेडूक उलटा चिकटवला होता.

चिकट अल्बममधले फोटो निघतच नाहीयेत. सुरुवात कुठून करू?

रिकामटेकडा | ९ जून, २२:५८

टॅबवर स्लाइड शो लावून द्या, मागे जुनी गाणी. एक रविवार पुरतो. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

घोटीव कागद | ९ जून, २३:३५

रिकामटेकडा, टॅबची बॅटरी संपली की आई पुन्हा बिस्किटांचा डबाच उघडणार, बघालच.

डकवबाई, सगळ्यात आधी त्या चिकट अल्बमांचं बघा. त्या पानांवरचा गोंद वर्षागणिक पिवळा आणि कडक होतो आणि वरचं प्लास्टिक बऱ्याचदा पीव्हीसीचं असतं. दोन्ही फोटोचे वैरी. अल्बम उघडल्यावर नव्या रेक्झिनसारखा वास आला तर समजा की प्लास्टिक पीव्हीसीचंच आहे.

फोटो काढायला नख, सुरी, पट्टी काही नको. डेंटल फ्लॉसचा हातभर दोरा घ्या, दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळा आणि फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवून करवतीसारखा मागेपुढे करत खाली न्या. फोटो सपाट राहू द्या, दोरा हलवा. फोटो वर ओढला की वाकतो आणि वरचा थर तडकतो, मग काही उपाय नाही. मी आधी गजऱ्याच्या दोऱ्याने करायला गेले होते, दोन फोटोंत तुटला.

हेअर ड्रायरचा सल्ला लोक देतात. माझ्या हातून एकदा हवा जास्त तापली आणि मामाच्या मुंजीचा फोटो पापडासारखा वळला, तेव्हापासून मी त्या वाटेला जात नाही.

आणि जे निघत नाहीत ते काढू नका! प्लास्टिक उचला आणि अख्खं पान तसंच स्कॅन करा. काम सुरू करण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर एकेक फोटोही काढून ठेवा. कुठला फोटो कुणाशेजारी होता यावरूनच पुढे साल लागतं.

पुठ्ठा | १० जून, ०७:१५

आमच्या घरी तीन पिढ्या बाइंडिंगचा धंदा होता, म्हणून चार शब्द.

कागद. झेरॉक्सचा कागद ७०-७५ जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) असतो, त्यावर फोटो डकवला की पान माना टाकतं. २०० जीएसएमच्या पुढचं कार्डशीट घ्या. दुकानदाराला ‘ॲसिड-फ्री आहे का’ विचारा. तो ‘हो हो, एकदम फ्री’ म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. शाळेच्या चिकटवहीतला तो खाकी किंवा रंगीत जाड कागद आम्लयुक्त असतो, फोटोला आतून खातो. काळ्या पानांच्या जुन्या अल्बमांचीही बहुतेकदा हीच गत. पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाऊन या. १९४० सालची संस्था आहे. सुती चिंध्यांपासून केलेल्या कागदात लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन नसतं, त्यामुळे तो वर्तमानपत्रासारखा पिवळा पडत नाही. फक्त खरखरीत असतो, त्यावर बारीक अक्षर नीट उमटत नाही.

डकवणे. फेविकॉल पाण्यात मिसळलेला असतो, कागद ते पाणी पितो आणि पान लाटेसारखं उठतं. भर पावसाळ्यात तर वाळतच नाही. ग्लू स्टिक सोपी, पण चार-पाच वर्षांत सुकून फोटो पानातून टपकायला लागतात. सेलोटेप घराबाहेर ठेवा, ती पिवळी पडते आणि तिचा गोंद पसरतो. आमचे आजोबा गव्हाच्या पिठाची खळ करायचे, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट). ते पुठ्ठ्यासाठी ठीक. फोटोजवळ मोरचूद नको, आणि घरात लहान मुलं असतील तर मुळीच नको.

खरं म्हणजे मूळ फोटो चिकटवायचाच नाही. त्याला कोपरे करा. दीड सेंमी रुंद आणि पाच सेंमी लांब कागदाची पट्टी घ्या, आडवी धरा. वरच्या काठाच्या मध्यापासून दोन्ही बाजू खाली दुमडा, घराच्या छपरासारखा त्रिकोण होईल. खाली लोंबणारी शेपटं कापा. घड्या मागे राहतील असा तो फोटोच्या कोपऱ्यात टोपीसारखा घाला आणि गोंद फक्त त्रिकोणाच्या पाठीला लावा, फोटोला थेंबही नको. चार कोपरे झाले की फोटो बसतो आणि हवा तेव्हा निघतोही. उद्या कुणाला पाठीमागे लिहिलेलं वाचायचं असेल तर?

बांधणीचं एक सांगायचं राहिलं. चिकटवहीचं पोट फुगतं, कारण शिवणीकडे कागदाची जाडी आणि बाहेर कागद अधिक फोटो. म्हणून दर पानामागे शिवणीलगत त्याच कार्डशीटची दोन-अडीच सेंमी रुंद पट्टी घालून शिवायची. ती नाही घातली तर वही मगरीसारखी आ वासून बसते. आणि कार्डशीट दोन्ही दिशांना हलकंसं वळवून बघा. ज्या दिशेने बिनतक्रार वळतं ती घडी शिवणीला समांतर ठेवा, पानं सपाट पडतात.

मधली आळी | १० जून, ०९:०२

‘एकदम फ्री’ला फुटले. वाचतेय.

डकवबाई | १० जून, १३:२०

घोटीव कागद, फ्लॉस चाललं!! ४० पैकी ३३ निघाले, उरलेले तसेच ठेवले.

पुठ्ठा, तुमच्या पोस्टची प्रिंट काढून फ्रिजवर लावलीय. कोपरे जमायला लागलेत, पहिले पाच होडीसारखे झाले होते. पण मूळ फोटो चिकटवायचे नाहीत म्हणजे वर्तमानपत्राचं कात्रण, तिकिटं यांचंही तेच का?

घोटीव कागद | १० जून, १४:१०

कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा आणि ती लावा. मूळ कात्रण पॉलिप्रॉपिलिनच्या पारदर्शक पाकिटात, तेही फोटोंपासून दूर. वर्तमानपत्राचा कागद स्वतः पिवळा पडतोच, शेजारच्या पानावरही तपकिरी चौकोन उठवतो.

तिकिटांत दोन जाती आहेत. कंडक्टर चिमट्याने भोक पाडून द्यायचा ती जुनी रंगीत तिकिटं साध्या कागदावर छापलेली, ती टिकतात. मशीनमधून निघणारी नवी तिकिटं, एटीएमच्या पावत्या, सिनेमाची तिकिटं हे बहुधा थर्मल कागद असतात. त्यांवर शाई नसतेच, उष्णतेने कागद काळा होतो. दोनेक वर्षांत पांढरीफटक पडतात. आजच स्कॅन करा. आणि लॅमिनेशन करू नका, गरम रोलरमधून गेलं की अख्खं तिकीट काळंकुट्ट. आमच्या हनिमूनचं बसचं तिकीट असंच गेलं. नवरा म्हणतो शुभशकुन होता.

लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद असेल तर ती उजेडात उडते, उघड्यावर फ्रेम करू नका. पिंपळाचं पान मात्र बिनधास्त लावा, पण दोन बटर पेपरांमध्ये. उघडं राहिलं तर वही तीनदा चाळली की चुरा.

सातासमुद्रापार | ११ जून, ०३:५०

भावाची बाजू घ्यायला कुणी नाही म्हणून मी घेतो. आमच्या आजीची हाताने केलेली एक चिकटवही होती, ती एका काकांकडे गेली आणि उरलेली पाच घरं वीस वर्षं रुसून बसली. डिजिटल केलंत तर तिन्ही भावंडांकडे एकेक प्रत. हे भांडणच मिटतं.

पण एक विनंती आहे. नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवू नका. साधा पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप लहान करतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर हा फोटो जेमतेम सव्वापाच इंच रुंद छापता येतो. पानभर ताणलात की मावशीच्या चेहऱ्यावर गारा पडल्यासारखं दिसतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, तसा तो आहे तसा येतो. माझ्या आत्याला हे तीन वेळा समजावलं, चौथ्या वेळी तिने मोबाईलच्या स्क्रीनचा दुसऱ्या मोबाईलने काढलेला फोटो पाठवला. डॉक्युमेंट म्हणूनच.

अक्षरजुळारी | ११ जून, १०:२५

संगणकाचं काम पोटापाण्यासाठी करतो, म्हणून जरा सविस्तर.

साधा ४×६ इंचांचा फोटो त्याच आकारात छापायचा तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन पुरे, १२००×१८०० पिक्सेल मिळतात. पासपोर्ट आकाराचा किंवा ग्रुपमधला एकच चेहरा मोठा करायचा असेल तर ६०० किंवा जास्त. निगेटिव्ह सापडल्यात तर प्रिंट सोडा आणि त्याच स्कॅन करून घ्या. ३५ मिमी निगेटिव्हची चौकट २४×३६ मिमीची असते. २४०० डीपीआयला तिच्यातून सुमारे २२७०×३४०० पिक्सेल निघतात, म्हणजे जवळजवळ ए४ पानभर. घरच्या साध्या स्कॅनरवर मात्र निगेटिव्ह येत नाही, तिच्यामागून उजेड टाकणारा लागतो. जुन्या फोटो स्टुडिओत विचारा.

स्कॅनर नसेल तर मोबाईलवर गूगलचं फोटोस्कॅन ॲप ठीक आहे, चार बाजूंनी फोटो घेऊन चकाकी काढून टाकतं. काम खिडकीपाशी ढगाळ उजेडात करा, ट्यूबलाइटखाली नको. सध्याचं आभाळ त्यासाठी उत्तम.

मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याला हात लावू नका. जे काही कापायचं, उजळायचं ते प्रतीवर. जेपीईजी फाइल उघडून, फेरफार करून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी झिजते. फाइलच्या नावात आधी साल, मग महिना, मग प्रसंग. साल माहीत नसेल तर दशक तरी.

पानं कशात करायची? कॅन्व्हा या वेबसाइटवर पटकन होतं. ऑफलाइन आणि फुकट हवं असेल तर फोटोसाठी गिंप, पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस. फोटोशॉपची जुनी आवृत्ती असेल तर मराठी टंकताना एक खड्डा आहे. मजकुराचं इंजिन (अक्षरं जुळवणारा भाग) लॅटिनवर, म्हणजे इंग्रजी लिपीवर राहिलं तर जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. सेटिंगमध्ये टाइपखाली ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा, त्याहून जुन्या आवृत्तीत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’. छापून आल्यावर कळण्यापेक्षा आधी बघा. ‘आर्शीवाद’वाल्या पत्रिका आपण सगळ्यांनी पाहिल्यात, त्यांतल्या निम्म्यांत चूक संगणकाची नसते ही गोष्ट वेगळी.

फाँट मोफत चांगले आहेत. मजकुराला ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता, मथळ्याला बलू किंवा मोदक. पुस्तकी वळण आणि मराठी धाटणीचे ल आणि श हवे असतील तर तिरो देवनागरी मराठी घ्या. हिंदी वळणाचा ल आईच्या वहीत मला तरी खुपतो. एका वहीत दोनच फाँट. तिसरा घेतला की सत्यनारायणाचं निमंत्रण होतं.

छापखान्याला पीडीएफ द्या, चारी बाजूंना ३ मिमी जादा चित्र सोडून, कारण कटिंग थोडं इकडेतिकडे होतं. जोडपानावर एकच मोठा फोटो टाकलात तर मध्यात कुणाचा चेहरा येत नाही ना ते बघा. माझ्या पहिल्या फोटोबुकात नवरदेव शिवणीत गेला.

रिकामटेकडा | ११ जून, १०:४०

शिवणीत गेलेला नवरदेव ही वधूपक्षाची मागणी होती का?

वाशिष्ठीकाठ | १२ जून, २१:१८

एरवी नुसती वाचते, पण आज लिहावंसं वाटलं. मी चिपळूणची. २०२१ च्या जुलैत पाणी आलं तेव्हा आमचे अल्बम खालच्या मजल्यावर होते. चिखल ओसरल्यावर लोकांनी गठ्ठे उन्हात टाकले. वाळले आणि वीट झाले, एक फोटो सुटला नाही.

आमच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरने वेळेवर सांगितलं म्हणून आमचे निम्मे वाचले. भिजलेले फोटो वाळू द्यायचे नाहीत. घमेल्यात स्वच्छ गार पाण्यात सोडायचे, आपोआप सुटतात तेवढे सोडवायचे, चित्राच्या बाजूला बोट न लावता, आणि चित्र वर करून सावलीत पंख्याखाली पसरायचे. एका दिवसात सगळे होणार नसतील तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, मग सवडीने थोडे थोडे. आमच्याकडे वीजच नव्हती, शेजारच्या गावातल्या नणंदेचा फ्रीजर आठवडाभर आमच्या लग्नाने भरलेला होता.

चिकट अल्बमातले सगळे गेले. नुसत्या कोपऱ्यांत बसवलेले होते ते चटकन सुटले आणि वाचले. पुठ्ठा म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता वही माळ्यावर नाही, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नाही. मधल्या खोलीत, वरच्या कप्प्यात, आडवी. सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की तापवून पुन्हा. दसऱ्याला एकदा सगळं उघडून वारा देते. आणि स्कॅन पुण्याला मुलाकडे.

पुठ्ठा | १२ जून, २२:०५

ताई, दंडवत.

जुनी पेटी | १३ जून, ११:३०

सगळे कागद-गोंद-पिक्सेल बोलताय. डकवबाई, आई आज बोलू शकते, सांगू शकते, आणि तुम्ही तिला सरप्राइज द्यायच्या नादात तिच्यापासूनच हे लपवताय. माझी चूक सांगते. आईच्या साठीला ९० फोटोंची देखणी वही केली, रिबिनी, मणी, सगळं. आई गेल्यावर ती वही उघडली तर त्यातली ३१ माणसं कोण आहेत हे सांगणारं कुणी उरलं नाही. मणी अजून चकाकतात.

सरप्राइज सोडा. बिस्किटांचा डबा तिच्यापुढे उपडा करा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि गप्प बसा. ‘हा कधीचा?’ असं विचारू नका, साल आठवत नाही. ‘तेव्हा आपण कुठल्या घरात होतो, ताई चालत होती का’ असं विचारलं की साल आपोआप पडतं.

ग्रुप फोटोसाठी युक्ती. वर बटर पेपर धरा, मऊ पेन्सिलीने डोक्यांच्या नुसत्या कडा हलक्या हाताने गिरवा, दाबू नका. कागद उचलून बाजूला घ्या आणि प्रत्येक डोक्यात आकडा घाला. आकड्यांपुढे नावं. तो कागद वहीत फोटोवर पडदा म्हणून बसवा. ‘डावीकडून तिसरी, मागच्या रांगेत अर्धवट दिसणारी’ हा वाद संपतो. नावं फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, पुढून वळ उठतात.

आणि ९० नको. ३० फोटो घ्या, पण प्रत्येकाखाली आईच्या बोलीत चार ओळी. तिच्या बोलीत, तुमच्या निबंधाच्या भाषेत नको.

मधली आळी | १३ जून, १२:१५

जुनी पेटी, अनुमोदन. आजच आजीकडे चाललेय.

डकवबाई | १४ जून, ००:१०

जुनी पेटी, झोप उडवलीत. उद्या आईकडे जाते, डबा घेऊन.

सातासमुद्रापार | २ ऑगस्ट, ०४:२०

चर्चेचा धागा वर काढतोय. डकवबाई, काय झालं? श्रावण लागायला आला.

डकवबाई | १९ ऑगस्ट, २३:०५

उशिराबद्दल माफी, परवाच वाढदिवस झाला.

आधी चुका. घाईत दोन पानं फेविकॉलने केली, अजून ओलसर आहेत आणि त्यांना वास येतोय. आईच्या लग्नातल्या शालूचा तुकडा कापून लावला, कड उसवून दोरे निघाले. मग काठाला बोटाने पातळ गोंद फिरवला तेव्हा थांबले. छापखान्यातून पहिली प्रत आली तर सगळे फोटो मावळतीला काढल्यासारखे. आमच्या लॅपटॉपचा उजेड पूर्ण वाढवलेला होता, त्यात बघून बघून मीच सगळे काळवंडवले होते. अक्षरजुळारींनी व्यक्तिगत निरोपातून सांगितलं, सगळी वही छापायच्या आधी एक पान छापून बघायचं. हे इथेही लिहून ठेवते.

शेवटी दोन्ही केलं. हाताची वही एक, ३२ पानांची, मूळ फोटो कोपऱ्यांत. तीच पानं स्कॅन करून छापील पुस्तकाच्या तीन प्रती, भावंडांना एकेक. भाऊ खूश, बहीण खूश, मी दहा दिवस झोपणार.

आईचं रेकॉर्डिंग साडेसहा तास झालं. त्यातलं वहीत आलं दहा मिनिटांचं असेल. तिच्या शाळेच्या निरोप समारंभाचा फोटो आम्ही इतकी वर्षं ‘आई हारतुऱ्यांत हसतेय’ म्हणून मिरवत होतो. ती म्हणाली, “हसतेय कुठली, चप्पल तुटली होती माझी, स्टेजवर एक पाय अनवाणी आहे, नीट बघा.” ६०० डीपीआयला स्कॅन केल्यावर अंगठा दिसला.

वही हातात दिली तर पहिली पाच मिनिटं काही बोलली नाही. मग पेन्सिल मागितली आणि नवव्या पानावर माझी ओळ खोडून दुरुस्त केली. मी ‘सिन्नरचं घर’ लिहिलं होतं, ते नाशिकचं निघालं, पंचवटीतलं भाड्याचं. आता ती रोज दुपारी पेन्सिल घेऊन बसते. सव्विसाव्या पानापर्यंत आलीय.

पुठ्ठा, एक शंका: मागे कोरी पानं वाढवायची तर शिवण उसवावी लागेल का?

पुठ्ठा | २० ऑगस्ट, ०७:३०

उसवू नका. शेवटच्या दोन-तीन पट्ट्या शिवणीलगत रिकाम्या आहेत ना? त्यांवर नवीन पान खळीने डकवा, पट्टीएवढाच भाग. मोरचूद न घालता.